आत्याच्या पंचाहत्तरीची वही : पानांचे रंग ठरवताना

आत्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत होती आणि त्या निमित्ताने तिच्या आयुष्याची छायाचित्रांची एक स्क्रॅपबुक वही करावी असे घरात ठरले, तेव्हा ते काम मी आनंदाने माझ्याकडे घेतले. नातेवाइकांकडून छायाचित्रे जमवणे, त्यांचा काळ ठरवणे, त्यांखाली द्यायचा मजकूर लिहिणे या गोष्टींना वेळ लागला, पण डोक्याला खरे काम दिले ते रंगांनी. बारा इंच लांबी-रुंदीच्या चौरस पानावर सहा बाय चार इंचांचे एक छायाचित्र लावले, तर पानाचा सहापैकी पाच भाग मोकळा राहतो. वही उघडणाऱ्याला माणसांचे चेहरे ओळखू येण्याच्या आधी हा मोकळा भाग दिसतो, आणि पान आनंदाचे आहे की काळजीचे, गडबडीचे आहे की निवांत, याचा पहिला अंदाज त्याला त्या भागाच्या रंगावरून येतो. म्हणून कागद कोणता घ्यायचा हा प्रश्न सजावटीचा आहे असे मला एकदाही वाटले नाही. ते पान काय सांगणार आहे याचाच तो प्रश्न होता.

कात्री हातात घेण्यापूर्वी मी प्रत्येक छायाचित्रासोबत एक कागदाची चिठ्ठी ठेवली आणि तिच्यावर त्या पानाचा भाव एका-दोन शब्दांत लिहिला. ‘आनंद’ हा शब्द मुद्दाम टाळला, कारण तो जवळजवळ प्रत्येक छायाचित्राला लागू पडतो आणि त्यामुळे काहीच ठरत नाही. नव्या नवरीचा संकोचमिश्रित आनंद, बाळाच्या बारशाला दमलेल्या आईच्या चेहऱ्यावरचे समाधान आणि पहिल्या पावसात समुद्रावर जाऊन भिजण्यातला आनंद हे तीन वेगळे भाव आहेत आणि त्यांचे कागदही वेगळे असायला हवेत. ‘नवखी, सजलेली’, ‘दमलेली पण तृप्त’, ‘रात्रीची जागती’, ‘मोकळी सुटलेली’ अशा चिठ्ठ्या तयार झाल्या, तेव्हा कुठे रंगांचा विचार करायला आधार मिळाला. काही चिठ्ठ्या मी आत्याला विचारून बदलल्या. छायाचित्रात दिसणारा भाव आणि त्या दिवशी मनात असलेला भाव एकच असतो असे नाही, आणि वही तिची होती.

जुनी छायाचित्रे बहुतेक कृष्णधवल होती. त्यांतले रंग फक्त आत्याच्या आठवणीत शिल्लक होते. एका छायाचित्रात ती गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत कठड्याला टेकून उभी आहे आणि अंगावर काठापदराची साडी आहे. मी सहज विचारले, “आत्या, ही साडी कोणत्या रंगाची होती गं?” तर ती म्हणाली, “अगं, कोनफळी. इरकल आहे ती, अजून कपाटात असेल बघ.” साडी खरोखरच कपाटात होती. तिची घडी उलगडून आम्ही खिडकीशी नेली आणि सोबत आणलेले कागदाचे तुकडे एकेक करून तिच्यावर ठेवून पाहिले, पण एकही जुळेना. कारण उघड होते. कापड धूपछाव होते. ताण्याचा धागा एका रंगाचा आणि बाण्याचा दुसऱ्या, त्यामुळे सरळ पाहिले तर जांभळट आणि तिरपे धरले तर लालसर दिसे. कागदाला असे दोन रंग एकाच वेळी दाखवता येत नाहीत. शेवटी मी वांगी रंगाच्या कागदावर छायाचित्र लावले आणि छायाचित्र व कागद यांच्या मध्ये डाळिंबी कागदाची केवळ दोरीइतकी जाड कड चारी बाजूंनी डोकावेल अशी ठेवली. थोडे दूर धरून पाहिल्यावर त्या दोन रंगांचा मेळ डोळ्यांत आपोआप होतो आणि साडीच्या जवळपास पोहोचतो. छायाचित्रात राखाडी दिसणारी साडी आता तिच्या रंगाच्या सावलीत उभी आहे, आणि ते पान पाहताना आत्याने आधी कागदावरून हात फिरवला, मग छायाचित्र पाहिले.

कागदांची खरेदी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर केली. तिथली बहुतेक दुकाने घाऊक विक्रीची असल्यामुळे पुडक्यानेच माल घ्यावा असा आग्रह असतो, पण थोडे फिरले आणि नम्रपणे विचारले तर सुटे तावही मिळतात. तळाच्या पानासाठी मी दर चौरस मीटरला अडीचशे ग्रॅम वजनाची जाड कार्डशीट घेतली आणि वरच्या थरांसाठी त्याहून हलकी. दुकानात गेल्यावर ज्याने-त्याने लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे तिथला उजेड. दुकानांतील पांढऱ्या नळ्यांचा प्रकाश साधारण ६५०० केल्व्हिनचा (केल्व्हिन हे प्रकाशाच्या रंगाचे माप), म्हणजे निळसर असतो; घरातील पिवळसर दिव्याचा २७०० केल्व्हिनच्या आसपास. दुकानात शांत वाटलेला राखाडी कागद घरी दिव्याखाली मातकट होतो आणि दुकानात थंड वाटलेला मोरपिशी घरी हिरव्याकडे झुकतो. दोन कागद एका प्रकाशात अगदी सारखे दिसावेत आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे, असेही घडते, कारण रंगद्रव्ये निराळी असली तरी एका विशिष्ट प्रकाशात ती डोळ्याला सारखीच जाणीव देऊ शकतात. म्हणून मी प्रत्येक ताव दुकानाच्या पायरीवर आणून उघड्या आकाशाखाली पाहिला. दुकानदारांनी त्याला हरकत घेतली नाही. वही कुठे पाहिली जाणार आहे याचाही विचार केला: आत्या दुपारी खिडकीजवळच्या खुर्चीत बसते, तेव्हा निर्णय दिवसाच्या उजेडावर घ्यायचा हे पक्के झाले.

रंगाविषयी बोलताना आपण बहुधा त्याच्या नावावर थांबतो: हा लाल, हा निळा. अमेरिकन चित्रकार आणि कलाशिक्षक आल्बर्ट मनसेल यांनी १९०५ मध्ये रंगाची जी मांडणी केली, तिच्यात रंगाची तीन मापे आहेत: छटा, उजळपणा आणि तीव्रता. उजळपणा ते शून्य ते दहा या श्रेणीत मोजत; शून्य म्हणजे पूर्ण काळा आणि दहा म्हणजे पूर्ण पांढरा. कागदांचे ढीग समोर मांडून बसल्यावर या मांडणीचे मोल मला फार जाणवले. ‘लाल म्हणजे उत्साह, निळा म्हणजे शांती, काळा म्हणजे दुःख’ अशा तयार कोष्टकांचा मला उपयोग झाला नाही, आणि कुणाला होईल असेही वाटत नाही. निळ्याचेच पाहा. फिकट अस्मानी कागदावर बाळ हसते, गडद आणि मंद निळ्यावर रात्र होते आणि झगझगीत निळ्यावर दुकानाची पाटी होते. छटा तिन्ही ठिकाणी निळीच आहे; भाव बदलला तो उजळपणा आणि तीव्रता बदलल्यामुळे. त्याहीपुढे जाऊन सांगायचे तर पानावरचा सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भाग यांच्यामध्ये अंतर किती, यावर भावाचा बराचसा भार असतो. अंतर मोठे असेल तर पान टवटवीत, सणासुदीचे वाटते. कमी असेल तर ते हळू आवाजात बोलते.

हे अंतर तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. कागद पानावर नुसते मांडायचे, चिकटवायचे नाहीत. मोबाइलने त्यांचे छायाचित्र काढायचे आणि त्यातले रंग काढून ते कृष्णधवल करायचे. रंगीत असताना एकमेकांपासून वेगळे दिसणारे विटकरी आणि मेंदीचे कागद कृष्णधवल झाल्यावर एकाच राखाडीत विरघळून जातात, असे अनेकदा दिसते. मग कळते की त्यांच्यात छटेचा फरक आहे, उजेडाचा नाही. सणाच्या पानावर असे झाले तर पान निस्तेज पडणार, आणि विरहाच्या पानावर झाले तर तेच हवे असते. ही तपासणी केल्याशिवाय मी एकही कागद चिकटवला नाही.

याची सर्वांत चांगली परीक्षा संक्रांतीच्या पानावर झाली. आत्याचे लग्न १९७३ सालचे, त्यामुळे छायाचित्र १९७४ च्या जानेवारीतले. काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, हातात हळदीकुंकवाचे तबक. रंगांच्या बहुतेक पाश्चात्त्य मार्गदर्शिकांत काळा रंग शोकाच्या रांगेत बसवलेला आढळेल, पण आपल्याकडे नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला काळी साडी हौसेने घेतली जाते आणि ऐन थंडीत काळे कापड ऊब धरून ठेवते. चिठ्ठीवर मी लिहिले होते: ‘नवखी, सजलेली’. मी संपूर्ण पान काळ्या कार्डशीटचे केले. वही चाळताना तिथे गडद पान आल्याबरोबर कुणाला शोकाची शंका येऊ नये याची जबाबदारी पांढऱ्यावर सोपवली. हलव्याच्या दाण्यांना काटे असतात आणि प्रत्येक काट्यावर उजेड थांबतो; ती चकाकी पानावर यावी म्हणून पांढऱ्या जाड कागदाचे बारीक गोल पाडले आणि छायाचित्राच्या एका कोपऱ्यापासून हाराच्या वळणाने खाली उतरत नेले. गोल सारख्या अंतरावर ठेवले तर ते नक्षीकाम वाटत होते, थोडे दाट-विरळ ठेवताच दागिना वाटू लागला. तिळगुळाच्या रंगाची, म्हणजे तपकिरी-सोनेरी, एकच पट्टी तळाशी दिली. काळ्या-पांढऱ्यातले अंतर इथे जास्तीत जास्त आहे आणि त्या अंतरातूनच त्या दिवसाचा थाट पानावर उतरला. या पानावर मजकूर पांढऱ्या जेल पेनाने लिहिला.

याच पानाच्या वेळी पांढऱ्या रंगाचाही एक धडा मिळाला, जो पुढे सगळ्या वहीत उपयोगी पडला. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांतला पांढरा भाग वयोमानाने सायीसारखा झालेला असतो. त्याच्याशेजारी बाजारातला लख्ख पांढरा कागद ठेवला, की छायाचित्र पिवळे आणि जीर्ण दिसू लागते. आजच्या पांढऱ्या कागदांत चमक वाढवणारी द्रव्ये घातलेली असतात आणि दिवसाच्या प्रकाशातील अतिनील किरणांमुळे ती निळसर उजळतात, म्हणून हा फरक आणखी ठसठशीत होतो. छायाचित्राला लागून मी कुठेही लख्ख पांढरा ठेवला नाही. तिथे सायीचा, मोतिया किंवा बिस्किटी वापरला. संक्रांतीच्या पानावरचे पांढरे गोलही छायाचित्रापासून बोटभर अंतर राखून आहेत.

रंगीत छायाचित्रांचा प्रश्न वेगळा होता. १९७९ मधल्या बारशाचे एक छायाचित्र पूर्ण लालसर झाले आहे. त्या काळच्या रंगीत छपाईत निळसर-हिरवे, किरमिजी आणि पिवळे असे तीन रंगांचे थर असत आणि बऱ्याच कागदांवर त्यांतला निळसर-हिरवा थर अंधारात, पेटीत बंद असतानाही सर्वांत आधी विरत जाई. तो विरला की उरलेल्या दोन थरांचा तांबूसपणा सगळ्या चित्रावर पसरतो. संगणकावर रंग दुरुस्त करून नवी प्रत काढणे शक्य होते आणि एका भाच्याने तसे सुचवलेही, पण आत्याला ते छायाचित्र तसेच हवे होते. मग तो तांबूसपणा न पुसता कमी कसा भासवायचा, हे ठरवणे माझ्याकडे आले.

इथे एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे निरीक्षण माझ्या कामी आले. मिशेल शेव्रल हे पॅरिसच्या गोबेलँ या विणकामाच्या राजेशाही कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे येत असे. त्यांनी तपासले तेव्हा रंगात दोष निघाला नाही. निळ्या आणि जांभळ्या धाग्यांच्या शेजारी बसल्यामुळे तो काळा कमजोर दिसत होता. शेजारचे रंग एकमेकांना कसे बदलतात याचा नियम त्यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा सरळ अर्थ असा, की रंगाला त्याच्या विरुद्ध रंगाशेजारी ठेवले तर तो अधिक उठतो आणि त्याच्याच जातीच्या पण अधिक तीव्र रंगाशेजारी ठेवले तर मवाळ होतो. मी छायाचित्र आधी पोपटी कागदावर ठेवून पाहिले, कारण बारशाच्या दिवशी पाळण्याला बांधलेल्या तोरणाचा रंग तो होता. आत्या, बाळ, पाळणा सगळे एकदम गेरूत बुडवल्यासारखे दिसले. मग तेच विटकरी कागदावर ठेवले. डोळ्यांना शेजारीच अधिक लाल मिळाल्यामुळे छायाचित्रातला लालपणा मागे सरला आणि चेहऱ्यांवर पुन्हा त्वचेचा गव्हाळ रंग दिसू लागला. छायाचित्र तेच होते, फक्त त्याला शेजार बदलून मिळाला होता. विटकरीच्या भोवती बदामी कागद रुंद ठेवला आणि उष्ण पण मंद अशा या तीन छटांत पान पूर्ण केले. चिठ्ठीवरचा ‘दमलेली पण तृप्त’ हा भाव मला या पानावर सर्वांत नेमका उतरलेला वाटतो. झगमगीत काहीही नाही आणि तरी पान उबदार आहे.

आत्या महापालिकेच्या एका रुग्णालयात परिचारिका होती आणि निम्मे आयुष्य तिने रात्रपाळ्या केल्या. दिवाळीच्या रात्री वॉर्डात काढलेले एक समूहछायाचित्र तिच्याकडे आहे: पांढऱ्या गणवेशातल्या सहाजणी, मागे खाटांची रांग, टेबलावर एक दिवा. हे पान रात्रीचे करायचे होते. काळा रंग मी संक्रांतीसाठी राखून ठेवला होता, आणि रात्र काळी असते हेही तितकेसे खरे नाही. १९व्या शतकात यान पुरकिन्ये या चेक शास्त्रज्ञाने नोंदवले, की उजेड कमी होत जातो तसा लाल रंग लवकर काळवंडतो आणि निळा मात्र तुलनेने उजळ राहतो. अंधुक प्रकाशात पाहण्याचे काम डोळ्यांतल्या ज्या पेशींकडे जाते, त्या निळ्या-हिरव्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असतात. म्हणूनच रात्र आपल्या आठवणीत निळी असते. मी शाईच्या रंगाचा, अगदी गडद निळा ताव घेतला आणि लाल-केशरीतले काहीही त्या पानावर येऊ दिले नाही. दिव्यासाठी फिकट पिवळ्या कागदाचा रुपयाएवढा एक गोल छायाचित्रातल्या दिव्याच्या रेषेत, पण छायाचित्राबाहेर ठेवला. एवढ्या मोठ्या निळ्यात तेवढा पिवळा पुरतो. तो थोडा मोठा करून पाहिला तेव्हा चंद्र वाटायला लागला आणि पान रोमँटिक झाले. आत्याची रात्र तशी नव्हती.

रुग्णालयाच्या पानांवर हिरवा रंगही हवा होता. शस्त्रक्रियागृहातला हिरवा हा काही सौंदर्यासाठी आलेला नाही. सॅन फ्रान्सिस्को येथील हॅरी शर्मन या शल्यचिकित्सकाने १९१४ मध्ये पांढऱ्याऐवजी पालकासारखा हिरवा वापरायला सुरुवात केली, कारण प्रखर दिव्याखाली पांढऱ्याची तिरीप डोळ्यांना त्रास देई आणि रक्ताचा लाल रंग बराच वेळ पाहिल्यावर पांढऱ्यावर त्याची हिरवट प्रतिमा तरंगू लागे. डोळ्यांना विसावा देणारा हा मंद हिरवा मी तिच्या निवृत्तीच्या पानाला दिला. त्या पानावर हारतुरे आहेत, पण चिठ्ठीवर आत्यानेच लिहवून घेतले होते: ‘सुटका नव्हे, विसावा’.

मरीन ड्राइव्हच्या पावसाच्या पानावर मी सर्वांत जास्त रेंगाळले, कारण ते करताना मजा येत होती. मोठ्या भरतीचा दिवस, कठड्यावरून उसळून येणारी लाट आणि तिच्यापासून पळताना हसणारी आत्या, हातात उलटी झालेली लाल छत्री. पाऊस म्हटले की निळा कागद घेण्याची सवय असते, पण मुंबईच्या जुलैचा समुद्र निळा नसतो. तो गढूळ राखाडी-तपकिरी असतो, आकाश शिशाच्या रंगाचे, आणि कठड्याबाहेरचे, लाटा अडवणारे काँक्रीटचे चौपायी टेट्रापॉड ओले होऊन जवळजवळ काळे. छायाचित्रातही हेच रंग होते. पण नुसत्या राखाडी पानावर ‘मोकळी सुटलेली’ हा भाव बसत नाही. पान उदास होते. उत्तर छत्रीत होते. घरसजावटीत साठ-तीस-दहाचे एक प्रमाण सांगतात: साठ भाग मुख्य रंग, तीस भाग साहाय्यक आणि दहा भाग उठावाचा. ते मी पाळून पाहिले, पण लाल रंगाला दहा भागही जास्त झाले. लाल हा पुढे येणारा रंग आहे. राखाडीच्या शेजारी तर तो दुप्पट आवाजात बोलतो. अंगठ्याएवढी रुंद लाल पट्टी पानाच्या कडेला ठेवली, तर नजर छत्रीवर न जाता पट्टीवरच अडकत होती. पट्टी कापत कापत करंगळीच्या नखाएवढी केली, मग त्याहून अरुंद, आणि शेवटी सुतळीएवढी बारीक राहिली तेव्हा नजर पट्टीवरून उडी मारून थेट छत्रीवर आणि तिथून आत्याच्या चेहऱ्यावर जाऊ लागली. राखाडीचेही तीन थर केले: शिशाच्या रंगाचा, पारवा आणि लाटेच्या फेसासाठी दुधी. दुधी कागद कात्रीने न कापता हाताने फाडला, कारण फाडलेल्या कडेला कागदाचे पांढरे तंतू दिसतात आणि फेसाची कड तशीच असते. हा कागद हातकागद होता. पुण्याच्या हातकागद संस्थेचा, १९४० पासून चालत आलेल्या परंपरेतला, कापसाच्या चिंध्यांपासून बनणारा असा कागद माझ्या संग्रहात होता आणि त्याचा खडबडीत पृष्ठभाग प्रकाश चहूकडे पसरवून रंगाला मऊ करतो. गुळगुळीत कागदावर तोच रंग अधिक गडद आणि धीट दिसतो. भाव ठरवताना पोताचाही असा हिशेब करावा लागतो.

गणपतीच्या पानाला फार वेळ दिला नाही. गुलाल, झेंडू, दूर्वा, रोषणाई, सगळ्यांच्या भरजरी साड्या; छायाचित्रातच इतके रंग होते की कागदाने गप्प राहणे एवढेच त्याचे काम होते. दुधी पान, शेंदरी रंगाची एक कड, झाले.

काकांच्या पानाला मात्र मी शेवटपर्यंत हात लावला नव्हता. आत्याचे यजमान लवकर गेले. छायाचित्रात ते गॅलरीत वर्तमानपत्र वाचत बसले आहेत आणि त्यांना कुणी आपले छायाचित्र काढत आहे याची कल्पना नाही. दुःखाचा रंग कोणता, हा विचार करताना भरताच्या नाट्यशास्त्रातील सहावा अध्याय आठवला. तिथे प्रत्येक रसाला रंग दिला आहे: शृंगार श्याम, हास्य पांढरा, रौद्र लाल, वीर गौर, अद्भुत पिवळा, भयानक काळा, बीभत्स निळा आणि करुण कपोत, म्हणजे पारव्याच्या पंखांचा. ही योजना किती बारकाईने केलेली आहे हे कागद समोर असताना पटते. काळा भयाला गेला आहे आणि करुणाला राखाडीतलाही तो राखाडी मिळाला आहे ज्यात किंचित निळा आणि किंचित जांभळा मिसळलेला असतो. चाळीच्या पागोळ्यांखाली बसलेले पारवे ज्याने पाहिले आहेत, त्याला तो रंग सांगावा लागत नाही.

मी पारवा ताव घेतला आणि त्यावर त्याहून थोडा गडद आणि थोडा फिकट असे दोनच कागद वापरले. मोबाइलवर कृष्णधवल करून पाहिले तेव्हा तिन्ही एकमेकांना लागून होते. पानावरचे सर्वांत गडद ठिकाण काकांच्या चष्म्याची काडी होती आणि सर्वांत उजळ, वर्तमानपत्राचा वळलेला कोपरा. छायाचित्राच्या बाहेर मी जाणूनबुजून त्याहून गडद किंवा उजळ काहीही ठेवले नाही. त्यामुळे नजरेला भटकायला जागा उरत नाही. ती त्यांच्यापाशीच थांबते. चौकट दिली नाही, फूल लावले नाही, मजकुरात फक्त जागा आणि वर्ष लिहिले. संक्रांतीचे काळे पान आणि हे पारवे पान शेजारी ठेवून पाहिले, तर रंगाच्या नावापेक्षा अंतराला किती महत्त्व आहे हे कुणालाही दिसेल: जास्त काळे पान सणाचे आहे आणि जास्त उजळ पान दुःखाचे.

पाने सुटी सुटी तयार झाल्यावर ती ओवण्यापूर्वी क्रमाने जमिनीवर मांडून पाहिली, कारण वही उघडली की दोन पाने एकदम दिसतात आणि शेव्रलचा नियम पानांनाही लागू होतो. पाऊस आणि काकांचे पान समोरासमोर येत होते. दोन्ही राखाडी, पण पावसाच्या पानावरची लाल रेघ पारव्या पानाला अस्वस्थ करीत होती. त्या दोहोंच्या मध्ये फक्त मजकुराचे एक बिस्किटी पान घातले. काळ्या पानानंतर लगेच अस्मानी पान आले, तर ते डोळ्यांना टोचत होते, तिथे चाळीचे वांगी पान सरकवले. क्रम थोडा बदलला तरी चालतो, कारण कालक्रम वाचणाऱ्याला तारखांवरून कळतो.

ज्यांना हे काम करायचे आहे त्यांच्यासाठी टिकाऊपणाच्या काही गोष्टी सांगते, कारण रंग उडाला तर भावही उडतो. कागद आम्लविरहित आणि लिग्निनविरहित घ्यावा. लिग्निन हा लाकडातला घटक असलेला कागद वर्तमानपत्रासारखा पिवळा पडतो आणि त्याचे आम्ल छायाचित्रात उतरते. पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्या टाळाव्यात, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या घ्याव्यात. पतंगी आणि क्रेप कागदांचे रंग सुंदर असतात, पण मुंबईच्या दमट हवेत ते शेजाऱ्याला रंगवतात. ओलसर पांढरे फडके त्यांवर दाबून पाहिले तर तत्काळ कळते. बारशाच्या पानासाठी निवडलेला एक सुरेख तांबडा क्रेप या परीक्षेत बाद झाला. मजकुरासाठी रंगद्रव्याची, पाण्याने न फुटणारी शाई वापरावी. शक्य तिथे मूळ छायाचित्र न चिकटवता कोपरे अडकवावेत. आणि वही पावसाळ्यात भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये. आत्याच्या वहीसाठी लोखंडी कपाटाचा मधला कप्पा ठरवला आहे आणि आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आहेत.

वहीच्या शेवटी काही पाने कोरी सोडली आहेत. आत्याच्या नातसुनेचे डोहाळजेवण येत्या महिन्यात आहे आणि त्या पानासाठी हिरवा कागद हवा, असे आत्याने आधीच सांगून ठेवले आहे. हिरवे चार प्रकारचे ताव आणून ठेवले आहेत: पोपटी, मेंदी, गर्द पानाचा आणि फिकट पिस्त्याचा. त्यांतला कोणता, ते छायाचित्र हातात येईपर्यंत ठरवता येणार नाही. साडीचा हिरवा त्या दिवशी कोणत्या उजेडात कसा दिसतो आणि तिचा चेहरा काय सांगतो, हे पाहून मग चिठ्ठी लिहीन.